आजाऱ्याची रजा

मंडळी, अंगात ताप असला की घरातली जाणती माणसे सांगतात, "आज कामावर जाऊ नकोस." सल्ला चांगला, पण ज्याचे पोट हातावर, त्याने तो पाळावा कसा? घरी बसला तर चूल पेटत नाही, कामावर गेला तर शेजारच्याला रोग लागतो. हा पेच फार जुना आहे.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुटीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आजारी कामगाराच्या पगाराची सोय मात्र त्यातून झाली नाही.

पुढे १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. शहराची वस्ती आठ लाखांवर. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक गावोगाव निघून गेले. ही रजा कोणी दिली नव्हती. जिवाच्या धास्तीने लोकांनी ती घेतली होती. गिरण्यांत पगार महिन्याने, तोही उशिरा देण्याची रीत. म्हणजे पळणाऱ्याची कमाई मालकाकडेच अडकायची! पण माणसे मिळेनाशी झाली, तशी कामगारांनी मागणी धरली, "रोजची मजुरी रोज द्या." मालकांना ती मानावी लागली. साथ ओसरताच मात्र जुनी रीत परत आली.

फेब्रुवारी १८९७ मध्येच सरकारने साथरोगाचा कायदा केला. त्यात प्रवासी तपासण्याचा, रोगी वेगळे ठेवण्याचा अधिकार होता. त्यांच्या बुडालेल्या मजुरीबद्दल अक्षर नव्हते. त्याच महिन्यात, ९ तारखेला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता लोखंडे स्वतः प्लेगने गेले. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांचाही तसाच अंत झाला.

पगार वेळेवर देण्याचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. आजारपणाच्या विम्याची योजना प्रा. आदरकरांनी १९४४ मध्ये मांडली आणि १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला. ठराविक पगारापर्यंतच्या विमेदार कामगाराला, वर्गणी पुरेशी भरलेली असल्यास, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार त्यातून मिळतो.

आता खाडीपलीकडे, नवी मुंबईत या. तुमचा कांदा-बटाटा जिथे उतरतो, तो वाशीचा घाऊक बाजार कोरोनामुळे ११ मे २०२० पासून आठवडाभर बंद राहिला. बंद काळातही पगार कापू नये, असा केंद्र सरकारचा २९ मार्चचा हुकूम होता. तो १८ मेपासून उठला. एका मालकाकडे बांधलेल्या नोकराची गोष्ट वेगळी. गोणी वाहणाऱ्याचे मालक तर रोज बदलतात! म्हणूनच १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली. व्यापारी मजुरीबरोबर जादा रक्कम मंडळात भरतात आणि त्यातून रजेचा पगार, भविष्यनिर्वाह निधी अशा सोयी होतात. शेतावरच्या मजुराला मात्र असे मंडळ नाही.

गुरुजी, तुमच्या वर्गातल्या किती मुलांचे वडील कारखान्यात आहेत, हे एकदा विचारा. विम्याचे कार्ड घरी आहे का, तेही विचारा. आणि शेतकरी बंधूंनो, तापाने फणफणलेला गडी बांधावर उभा राहिला, तर त्याला घरी पाठवाच. पण पाठवताना त्याच्या हातावर दोन दिवसांची मजुरी ठेवा. नाहीतर तो उद्या दुसऱ्याच्या बांधावर जाईल, आणि ताप त्याच्याबरोबर जाईल.