सुरवंट भडक का? डार्विनच्या एका पत्राची गोष्ट

रुईच्या पानावरचा सुरवंट कधी नीट पाहिलाय का? काळे-पांढरे-पिवळे पट्टे मिरवत आरामात पान खात असतो, लपायचं नाव नाही. पक्ष्यांच्या राज्यात असं उघड्यावर राहणं परवडतं कसं?

असाच प्रश्न १८६७ मध्ये चार्ल्स डार्विनला छळत होता. प्राण्यांचे अनेक भडक रंग जोडीदाराच्या पसंतीतून आले, म्हणजेच लैंगिक निवडीतून, असं त्याचं म्हणणं. पण सुरवंट म्हणजे कीटकाचं बाल्य! तिथे जोडीदार कुठून येणार?

इथे लक्ष द्या. ही अडचण त्याच्याच सिद्धान्ताच्या मुळावर येणारी होती, तरी त्याने ती झाकली नाही. त्याने ती हेन्री बेट्सपुढे ठेवली. ॲमेझॉनच्या जंगलात ११ वर्षं काढून फुलपाखरांच्या नकलेचं कोडं उलगडणारा हाच तो बेट्स. त्यालाही उत्तर सुचेना. तो म्हणाला, वॉलेसला विचारा.

डार्विनने २३ फेब्रुवारीला पत्र लिहिलं आणि आल्फ्रेड रसेल वॉलेसने लगेच उत्तर धाडलं. त्याचा तर्क असा: काही सुरवंट बेचव असतात. पण पक्ष्याने चोच मारून मग थुंकलं तरी नाजूक सुरवंट मरणारच. म्हणजे नुसतं बेचव असून भागत नाही, ते लांबूनच कळायला हवं. भडक रंग म्हणजे ‘खाऊ नकोस’ अशी पाटी! बेट्सची नक्कल करणारी फुलपाखरंही अशाच पाटीचा फायदा उठवतात. स्वतः चविष्ट असून बेचव जातीचा वेश घेतात.

पण हा झाला तर्क. पुरावा कुठे होता? मार्चमध्ये वॉलेसने लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेत सदस्यांना आवाहन केलं: तपासून बघा. जॉन जेनर वीअरने आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना वेगवेगळे सुरवंट घातले. १८६९ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले: मळकट रंगाचे, गुळगुळीत सुरवंट पक्षी आवडीने खातात, भडक आणि केसाळ नाकारतात.

मग डार्विनचा सिद्धान्त कोसळला का? नाही. त्याची हद्द स्पष्ट झाली. १८७१ च्या ग्रंथात त्याने सुरवंटांचं हे स्पष्टीकरण वॉलेसच्या नावानिशी दिलं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा गृहीतकाला जुळणारे दाखले आपोआप सापडतील. न जुळणारा एक तरी शोधा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि तो कुणाला विचारायचा ते नावही शेजारी लिहा. गाईडला दाखवताना ते पान लपवू नका.