ज्येष्ठांसाठी बहुमजली घरे : नगर परिषदेचा निधी कोठवर पोहोचतो?

बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यालगत वसलेले बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातील औद्योगिक वसाहतीचे ठिकाण. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्‌घाटन झाले आणि बोम्मसंद्रा हे तिचे अखेरचे स्थानक ठरले. हृदयरोगावरील उपचारांसाठी देशभर ख्याती असलेले रुग्णालयही येथेच आहे. अशा ठिकाणी जागा महागते, घरे उंच होत जातात आणि उतारवयात वरच्या मजल्यावर कसे राहावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी बहुमजली घरे बांधावयाची झाल्यास स्थानिक स्वराज्य संस्था त्यासाठी किती भार उचलू शकते?

याचे उत्तर राज्यघटनेपासून शोधावे लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तिच्यातील २९ विषयांत ग्रामीण गृहनिर्माणाचा स्पष्ट समावेश आहे. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी आणलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. नगररचना, इमारतींच्या बांधकामाचे नियमन, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय त्यात आहेत. गृहनिर्माण हा स्वतंत्र विषय मात्र नाही. दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा उल्लेख आहे, पण वृद्धांचा नावानिशी नाही. २०११ च्या जनगणनेत बोम्मसंद्राची नोंद ‘जनगणना नगर’ अशी होती, म्हणजे वस्ती नागरी आणि कारभार पंचायतीचा. पुढे तेथे पुरसभा, म्हणजेच नगर परिषद आली. गाव मोठे झाले आणि घरबांधणीचा विषय त्याच्या यादीतून गळाला, असा हा कागदोपत्री विरोधाभास!

पैशाचे चित्रही याहून फारसे वेगळे नाही. मालमत्ता कर हे नगर परिषदेचे स्वतःचे प्रमुख उत्पन्न. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी शिफारस केलेल्या अनुदानात दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. उर्वरित ४० टक्के रक्कम बाराव्या अनुसूचीतील विषयांवर, वेतन व आस्थापना खर्च वगळून, वापरता येत होती. कर्नाटकातील नागरी संस्था आपल्या निधीतून अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के, अन्य दुर्बल घटकांसाठी ७.२५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवतात. ज्येष्ठांना यांपैकी एखाद्या गटात बसूनच आपला वाटा मागावा लागतो.

परिणामी घरबांधणीचा मुख्य निधी वरून येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात, भागीदारीतून उभारल्या जाणाऱ्या प्रकल्पांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या प्रत्येक घरासाठी केंद्राने दीड लाख रुपयांचे साहाय्य ठेवले होते. बंगळुरू परिसरासाठी कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये एक लाख बहुमजली घरांची योजना जाहीर केली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांसाठी एक महत्त्वाची तरतूद आहे: ज्या कुटुंबात ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग व्यक्ती असेल, त्याला वाटपात तळमजल्यावर अथवा खालच्या मजल्यावर प्राधान्य द्यावे. तरतूद शहाणपणाची आहे. पण तळमजल्यावरील घरे मोजकीच असतात. ती संपली की उरते ती लिफ्ट.

खरी अडचण येथेच आहे. साहाय्य मिळते ते घर बांधण्यासाठी, एकदाच. लिफ्टची वीज, दुरुस्ती आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च रहिवाशांच्या मासिक वर्गणीतून भागवावा लागतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये आहे; राज्ये त्यात आपली भर घालतात. अशा उत्पन्नावर जगणाऱ्याकडून लिफ्टची वर्गणी किती मिळणार? वर्गणी थकली की लिफ्ट बंद पडते आणि आठव्या मजल्यावरच्या वृद्धाचे रुग्णालय, रेशन दुकान, बँक सारेच दुरावते.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदाही ही उणीव भरून काढत नाही. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारू शकते. ती तरतूद आश्रमाची आहे, स्वतंत्र घराची नव्हे.

अन्य देशांनी चालू खर्चाचा विचार आधीच केलेला दिसतो. अमेरिकेत १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम २०२ खाली ना-नफा संस्थांना ज्येष्ठांच्या घरांसाठी केंद्रीय निधी मिळतो. पुढे त्यात भाडे-साहाय्याची जोड देण्यात आली. इमारत चालविण्याचा खर्च आणि रहिवाशाला परवडणारी रक्कम यांतील तफावत त्यातून भरून निघते. सिंगापूरमध्ये सार्वजनिक गृहनिर्माण मंडळाने कॅम्पुंग ॲडमिरल्टी येथे अकरा मजली दोन इमारतींत ज्येष्ठांसाठी १०४ घरे बांधली असून त्याच संकुलात वैद्यकीय केंद्र व खाद्यगृहे आहेत. तेथील इमारतींच्या लिफ्टची देखभाल नगर परिषदांकडे असते आणि २०१७ पासून लिफ्ट बदलण्यासाठी वेगळा निधी बाजूला ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

बोम्मसंद्रासारख्या नगर परिषदेला आपल्या तिजोरीतून इमारत उभारणे झेपणारे नाही. लिफ्टच्या देखभालीसाठी दरवर्षी ठराविक तरतूद करणे त्या मानाने पुष्कळच लहान काम आहे. दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे बाराव्या अनुसूचीतील विषय त्यासाठी पुरेसा आधार ठरू शकतात.