नांगराची निशाणी
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. पण बघा, लोकांना हवी होती ती खतं. ती हाती आली की बऱ्याच ठिकाणी मारहाणीवाचून भागलं.

का? कुणब्याला लिहिता येत नसे. तो खताखाली नांगराची निशाणी करी; वर काय लिहिलंय ते सावकाराच्याच तोंडून ऐकायचं. त्यात १८५९ च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या खतावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. कुणब्याच्या भल्यासाठी म्हणे! मुदत भरत आली की सावकार नवं खत करून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात जाई.

१८७९ च्या कायद्यानं खत ग्रामनिबंधकापुढे करायला लावलं. त्यानं मजकूर मोठ्यानं वाचायचा, मोबदला पुरता लिहायचा, जुनं खत असेल तर समोर मागवायचं. आम्हाला हे जुन्या खताचं कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं; रोख किती आणि व्याज किती, ते तिथंच उघडं पडतं. सावकारांनी त्यावरही तोड काढली: कर्जखताऐवजी सरळ खरेदीखत, जमीन परत देण्याचा शब्द मात्र तोंडी. शेवटी कायदा दुरुस्त करून कोर्टाला तो तोंडी शब्दही तपासायची मुभा द्यावी लागली.