शेषाद्री, रेव्ह. नारायण

(मृत्यू 1891). मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि जालन्याजवळील बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचे संस्थापक. ब्राह्मण कुटुंबात जन्म. मुंबईच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये (पुढे विल्सन कॉलेज) शिक्षण. सप्टेंबर 1843 मध्ये स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा. 1854 मध्ये पाळकीय दीक्षा.

श्रीपत प्रकरण : नारायण यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिट यांच्याकडे राहू लागला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, मात्र मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसल्याने तो जातीबाहेर गेला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. श्रीपत अल्पवयीन असल्याने कोर्टाने त्याचा ताबा वडिलांना दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, या मताच्या बाजूने सुधारक बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातनी मंडळींनी कडवा विरोध केला. नारायण सज्ञान असल्याने मिशनमध्येच राहिले. धर्मांतराने वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात 1850 च्या एकविसाव्या कायद्याने सर्वत्र झाली. त्यापूर्वीच्या धर्मांतरितांना घरदार व वाटणी यांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागे.

शिकवणीची पार्श्वभूमी : धनाच्या अशा त्यागाला बायबलमध्ये आधार होता. ईश्वराच्या भयातून येणारे ज्ञान सोन्यारुप्याहून मोलाचे, हा त्यातील नीतिसूत्रे या ग्रंथाचा गाभा. शलमोनाने धनाऐवजी विवेक मागितल्याची कथा पहिल्या राजे या पुस्तकात, तर मोलवान मोत्यासाठी सर्वस्व विकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात येतो. नेस्बिट आदी मिशनऱ्यांनीही 1843 मध्येच स्कॉटलंडचे सरकारमान्य चर्च सोडून फ्री चर्चची वाट धरली व जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनच्या इमारतीवरील हक्क गमावला.

बेथेल : जालना तेव्हा निजामाच्या राज्यातील लष्करी छावणीचे व भरभराटीच्या व्यापाराचे गाव होते, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही रूढ आहे. दिवाण सालारजंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी बेथेल वसवले. येथील ख्रिस्ती कुटुंबे मुख्यतः मांग समाजातील होती. शेषाद्रींसाठी नव्या श्रद्धेचा अर्थ मालमत्तेचा त्याग असा झाला. गावकुसाबाहेर राहिलेल्या या कुटुंबांना मात्र त्याच श्रद्धेसोबत जमिनीचा आधार व अक्षरओळख मिळाली. त्यामुळे त्यांच्या धर्मांतरामागील हेतूंविषयी मिशनचे समर्थक व विरोधक यांच्यात एकमत नाही. धनाचा मोह सोडा हा उपदेश मुळात ज्यांच्याकडे धन आहे त्यांना लागू पडतो, हे या वादात सहसा लक्षात घेतले जात नाही.

परदेश प्रवास : 1873 मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस उपस्थित. 1891 मध्ये सागरप्रवासात निधन.

उत्तरकाल : मराठी ख्रिस्ती समाजात श्रद्धेसाठी केलेल्या त्यागाचे पुढचे ठळक उदाहरण कवी ना. वा. टिळक यांचे, त्यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली.