राबाची राख आणि वालाच्या गाठी

कोलाडला माझ्या आजोळी वैशाखात राब भाजत. शेण, कवळे, पालापाचोळा, गवत असे थर, वर चाळलेली माती. आग हळू चालावी म्हणून ती वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची. मला तो नुसता धूर वाटे. सरकारलाही वाटला होता. कवळे तोडून झाडे बोडकी होतात, असे जंगलखात्याचे म्हणणे. राबाशिवाय रोप जोर धरत नाही, असे शेतकऱ्यांचे. ठाणे-कुलाब्यातला हा तंटा १८८५ साली नेमलेल्या वनआयोगापुढे गेला.

गंमत अशी, की १८८६ सालीच जर्मनीत हेलरीगेल यांनी सांगितले, कडधान्याची झाडे हवेतला नत्र घेतात, तो मुळांवरच्या गाठींच्या जोरावर. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतले जंतू वेगळे काढले. झाड जंतूंना साखर देते, जंतू झाडाला नत्र. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर कारखाना चालू. तो रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या नात्यातला! कोलाडकर भात कापून उरल्या ओलीवर वाल पेरीत, तेव्हा हे बिनपगारी गडी कामाला लागत.

राबाची तपासणी पुण्याच्या शेतकी कॉलेजात मॅन, जोशी व कानिटकर यांनी केली. त्यांचा निबंध १९१२चा. राखेच्या खताबरोबर माती तापण्याचेही महत्त्व त्यात दिसले. तापलेल्या मातीत कित्येक जंतू मरतात, त्यांच्यातला नत्र मोकळा होतो, उरलेले जंतू झपाट्याने वाढतात आणि रोपाला आयते जेवण मिळते. तणाचे बीही जळते. अर्थात पाल्याशेणातला बराच नत्र धुरावाटे जातो, तेव्हा खात्याचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते.

१९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले मुळशीचे पाणी कुंडलिकेत येते. (त्यासाठी मावळातली गावे बुडाली, हे कोकणाने विसरू नये.) पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, उन्हाळी भात आले, युरियाच्या गोणी आल्या. आयता नत्र मिळाला की वाल गाठी धरण्यात कुचराई करतो. पण तो पेरायला रान तरी कुठे उरले? आजोळी कालव्याच्या वरचे एकच खाचर वालाचे राहिले आहे.

गेल्या माघात तिथले एक रोप मी उपटले. बऱ्याच गाठी हिरवट पडल्या होत्या. एक मात्र आतून गुलाबी निघाली. मामेभाऊ मागून ओरडला, “अगं ताई, रोपं कसली उपटतेस? शेंगा काढ, मडकं भरायचंय. पोपटी लावायची ना रात्री?”

मी भांबुर्ड्याचा पाला आणायला गेले.