नागपूरची मध्यरात्र

१ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ खाजगी कंपन्यांचें एकत्र कुटुंब होऊन ‘इंडियन एअरलाइन्स’ उभी राहिली. वारशांत ९९ विमानें आलीं. पैकीं ७४ डाकोटा. मला मात्र थोर वाटते ती १९४९ पासूनची नागपूरची रात्रीची टपालसेवा! मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं सोनेगांवीं भेटत. थैल्या आणि पेंगुळलेले उतारू यांची अदलाबदल होई. त्या उतारूंस हें थोर वाटलें असेल काय, कोण जाणे! १९६४ मध्यें कॅराव्हेल जेट आलें. वेग वाढला, परंतु जेटला लांब, पक्की धावपट्टी हवी. डाकोटा मुरुमावरही उतरे, म्हणून लहान गांवांना तेंच आपलें वाटे.