अक्षरओळखीचा इतिहास : आधी कान, मग डोळे

मूल शाळेत आले की आपण त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देतो आणि अक्षरे गिरवायला बसवतो. शिक्षणाचा श्रीगणेशा डोळ्यांनी आणि हातांनी होतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. वाचनाचा आरंभ कानापासून होतो. 'केळी' या शब्दाचे के-ळी असे दोन तुकडे पडतात, 'बटाटा'चे ब-टा-टा असे तीन, हे ज्या मुलाच्या कानाला उमगले त्याला पुढे अक्षर लवकर उमगते. तोंडाच्या एकेका हालचालीसरशी बाहेर पडणाऱ्या अशा तुकड्याला शब्दावयव म्हणतात.

हा प्रश्न आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये क्विंटिलियन नावाचे थोर शिक्षक होऊन गेले. अक्षरांचा आकार ओळखण्यापूर्वीच त्यांची नावे व क्रम पाठ करून घेण्याची रीत त्यांना पसंत नव्हती. अशाने मूल अक्षराकडे न पाहता नुसते तोंडपाठ म्हणत जाते, असा त्यांचा आक्षेप होता. मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत असे ते सुचवीत, आणि शब्दावयवांच्या अभ्यासाला जवळची वाट नाही, ते सगळे शिकलेच पाहिजेत, असेही बजावीत. आपल्याकडेही पुष्कळ मुले बाराखडी गाण्यासारखी धडाधड म्हणतात आणि मधल्याच अक्षरावर बोट ठेवले की गप्प होतात. दोन हजार वर्षांत दुखणे बदललेले नाही!

आता आपल्या मुलांच्या दुसऱ्या पुस्तकाकडे, म्हणजे कायद्याकडे वळू. प्राचीन अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची सोय नव्हती. नवशिक्यांचे उच्चार चुकू लागले. तेव्हा सातव्या शतकात अबुल अस्वद दुअली यांनी निराळ्या रंगाच्या शाईने अक्षराच्या वर, खाली किंवा पुढे ठिपका देण्याची पद्धत घातली, असे परंपरा मानते. आपण ज्यांना जबर, जेर आणि पेश म्हणतो ते शब्द फारसी असून त्यांचे अर्थ अनुक्रमे वर, खाली आणि पुढे असेच आहेत. ठिपके गेले, त्यांच्या जागांची आठवण नावांत राहिली. पुढे आठव्या शतकात बसऱ्याचे खलील बिन अहमद यांनी ठिपक्यांऐवजी आजच्यासारखी चिन्हे रूढ केली असे मानतात. अरबी छंदशास्त्राचे जनकही तेच. बाजारातून जाताना तांबटांच्या हातोड्यांचे ठोके कानी पडले आणि त्यावरून त्यांना कवितेच्या मापाची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा असो वा घटना, त्यातले मर्म खरे आहे. शब्दाची घडण ठोक्याने कळते.

कायद्यातले 'बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु' आणि बाराखडीतले 'ब बा बि बी' हे वस्तुतः एकाच जातीचे धडे आहेत. व्यंजनाला स्वर मिळाला की शब्दावयव तयार होतो, हेच दोन्ही ठिकाणी शिकवले जाते. दोन्हीकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे नाते उलगडून सांगितले तर ओझे दुप्पट न होता निम्मे होईल.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील चेरोकी जमातीचे. सिक्वोया या गृहस्थाला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्या भाषेला लिपी असावी या ध्यासाने त्याने प्रथम प्रत्येक शब्दाला एक खूण योजून पाहिली. खुणांना अंतच लागेना. मग तो शब्द कानांनी तोडू लागला आणि एकेका शब्दावयवाला एक चिन्ह देऊन १८२१ च्या सुमारास त्याने सुमारे ८५ चिन्हांची लिपी पूर्ण केली. त्याची पहिली विद्यार्थिनी होती त्याचीच लहानगी मुलगी आयोका. बापलेकींना दूर ठेवून त्यांना एकमेकांचे निरोप वाचायला लावले, तेव्हा जमातीच्या पुढाऱ्यांची खात्री पटली. अल्पावधीत हजारो लोक साक्षर झाले आणि १८२८ मध्ये त्या लिपीतून वर्तमानपत्रही निघाले.

१९७४ मध्ये अमेरिकेतील इझाबेल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना शब्दाच्या तुकड्यांइतके ठोके टेबलावर द्यायला सांगितले. चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना शब्दावयव मोजता आले. सुटे सुटे ध्वनी मात्र त्या वयाच्या एकालाही मोजता आले नाहीत. सहाव्या वर्षी शब्दावयव मोजणारी मुले शंभरात नव्वद निघाली, ध्वनी मोजणारी सत्तर. म्हणजे मुलाच्या कानाला शब्दावयव आधी सापडतो.

यातून पालकांनी काय घ्यावे? मुलाला अक्षरे दाखवण्यापूर्वी शब्द ऐकवा. घरातले रोजचे शब्द घ्या. 'चहा', 'गाडी', 'अम्मी', 'पपई' असा एकेक शब्द सावकाश म्हणा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्या. कोणत्या शब्दाला टाळ्या जास्त, ते मुलाला सांगू द्या. नंतर पहिला तुकडा गाळून काय उरते ते विचारा. एक सावधगिरी मात्र हवी. 'गाजर' कानाला गा-जर असा दोन तुकड्यांचा लागतो, पाटीवर त्याची अक्षरे तीन होतात. म्हणून आरंभी असे शब्द टाळावेत. मूल सरावले की हा फरक त्याला समजावून द्यावा.

या धड्याला पुस्तक लागत नाही, फी लागत नाही. ज्या मातेला स्वतःला शाळेचे तोंड पाहता आले नाही, तिलाही भाकऱ्या थापता थापता तो देता येतो. पहिली-दुसरीत वाचन न जमल्यामुळे 'मठ्ठ' ठरलेले मूल हळूहळू शाळेला पारखे होते, आणि मुलगी असेल तर तिला घरी बसवायला निमित्तच मिळते. असे एकही मूल आपल्या समाजात राहू नये असे वाटत असेल, तर मुलाला शाळेत घालण्याच्या आधीच्या वर्षी घराघरांतून या टाळ्या ऐकू आल्या पाहिजेत.